मोठ्या डॉक्टरांचं बटण

"कॉम्प्युटरमध्ये तसंच दाखवतंय."

हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदाही ऐकलेलं नाही असा माणूस कुणाला भेटला, तर मला जरूर कळवा, मी त्याला माझ्या खिशातून चहा पाजेन. बँकेत ऐकलंय, वीज ऑफिसात ऐकलंय, मुलांच्या शाळेत ऐकलंय. आपण धडधडीत समोर उभे असतो आणि काचेपलीकडचा माणूस आपल्याकडे न बघता पडद्याकडे बघून सांगतो, की छे, तुमचं तसं नाहीच मुळी. मग आपण काय करतो? दोन शब्द पुटपुटतो, "बरं" म्हणतो आणि घरची वाट धरतो. या गोष्टीतला बसड्रायव्हर चार वेळा तसाच परत गेला. पाचव्या खेपेला त्याने एक साधा प्रश्न विचारला, आणि पुढचं सगळं त्या प्रश्नामुळे घडलं.

हॉस्पिटल मोठं होतं. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मोटरची घरघर दिवसभर ऐकू येईल अशा लांबट खोलीत कोडिंग विभाग होता. तिथे अकरा माणसं अकरा पडद्यांसमोर बसत. आता कोडिंग म्हणजे काय, हे मलाही कुणीतरी समजावून सांगितलं तेव्हाच कळलं. डॉक्टर तपासणी करतात आणि तिचा लांबलचक रिपोर्ट लिहितात. तो सगळा वाचत बसायला इन्शुरन्स कंपनीला सवड नसते. म्हणून जगातल्या प्रत्येक तपासणीला आणि प्रत्येक आजाराला एक ठरलेला आकडा दिलेला असतो. कोडरने रिपोर्ट वाचायचा, आकडे लावायचे, कंपनीकडे पाठवायचे. आकडे बघून कंपनी बिल भरते. ते आकडे पेशंटच्या नावावर पुढे वर्षानुवर्षं राहतात, ही गोष्ट मात्र त्या खोलीत सहसा कुणी बोलत नसे.

हृदयाच्या फायली जिच्याकडे होत्या तिला सगळे "एक्सप्रेस" म्हणत. वय अडतीस, नोकरीला नऊ वर्षं, चष्मा कायम डोक्यावर. बाकीचे दिवसाला पस्तीस फायलींवर मान टाकायचे, ही बाई साठ उडवायची आणि वर चहाचे कपही स्वतःच विसळायची. नावाला साजेसा वेग होता. भिंतीवरच्या तक्त्यावर दर महिन्याला तिचंच नाव पहिलं असायचं, आणि यंदा विभागप्रमुखाची खुर्ची तिलाच मिळणार हे जवळजवळ पक्कं झालं होतं. स्वभावाने वाईट म्हणाल तर अजिबात नाही. कुणाचं मूल आजारी पडलं तर त्याच्या फायलीही हीच करून द्यायची.

तिच्या वेगामागे हुशारी होती, तसं एक बटणही होतं. कीबोर्डच्या वरच्या रांगेतलं सहावं. त्याला खोलीत "मोठ्या डॉक्टरांचं बटण" म्हणत. फार पूर्वी हृदय विभागाचे प्रमुख, म्हणजे मोठे डॉक्टर, यांच्याकडे लांबून लांबून अवघड पेशंट यायचे. डॉक्टर प्रत्येकाच्या हृदयात नळी घालून डावी बाजू तपासायचे आणि उजवीही. उजवी बाजू का तपासली याचं कारण दिल्याशिवाय कंपनी ती मंजूर करत नसे. कारण बहुतेक वेळा एकच असायचं: फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब. रोज तेच तेच टाइप कोण करणार? कुणीतरी ते तिन्ही आकडे एका बटणावर बसवले. डावी बाजू, उजवी बाजू, आजार. एकदा दाबलं की काम फत्ते. मोठे डॉक्टर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या खोलीवरची पाटी निघाली, बटण राहिलं.

तळमजल्यावर चौथ्या नंबरची खिडकी तक्रारींची होती आणि तिथे आळीपाळीने एका कोडरला बसावं लागे. एक्सप्रेसला ती खिडकी नको वाटायची, कारण खिडकीत बसलं की त्या दिवसाचा आकडा पडायचा. त्या मंगळवारी तिची पाळी होती. साडेदहाच्या सुमारास बसड्रायव्हर आला. पंचावन्नचा असेल. इस्त्रीचा खाकी शर्ट आणि हातात प्लॅस्टिकची फाईल. ती फाईल इतक्या वेळा उघडमीट झालेली, की तिचं बटण तुटून गेलं होतं. आधीच्या चार खेपांपैकी दोनदा त्याची गाठ हिच्याशीच पडली होती. तिला तो ओझरता आठवत होता.

त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अठ्ठावीस वर्षं शहरातल्या बसवर ड्रायव्हर. सहा महिन्यांपूर्वी डेपोत छातीत कळ आली, इथे आणलं, अँजिओग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, जेवणाच्या वेळा सांभाळा, तुमचं हे पित्त आहे. घरच्यांच्या जिवात जीव आला. मग बस कंपनीची वार्षिक तपासणी आली. तिथल्या मेडिकल ऑफिसरने इन्शुरन्सची नोंद उघडली, तर तिच्यात आजार: फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब. असा माणूस कधी चक्कर येऊन पडेल सांगता येत नाही, त्याच्या हाती साठ प्रवासी कसे द्यायचे? त्याच दिवशी त्याला बसवरून उतरवलं. आता तो डेपोच्या गेटवर बसून आतबाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत होता. येत्या गुरुवारी समिती बसणार होती. तिथे हा आजार कायम झाला, तर त्याचा बिल्ला जमा होणार आणि पुन्हा कधी स्टिअरिंग हाती येणार नव्हतं.

"काका, रिपोर्टमध्ये असेल म्हणूनच नोंद झाली असेल ना," एक्सप्रेस म्हणाली आणि पडद्याकडे बघून पुढचं वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघालं. "कॉम्प्युटरमध्ये तसंच दाखवतंय."

ड्रायव्हरने बाही वर केली आणि उजवं मनगट काचेला टेकवलं. मनगटावर तिळाएवढा पांढरट वण होता.

"ताई, मला फक्त इथे टोचलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मानेतही नळी घातली होती, त्याला तो आजार होता. त्याचं त्यानेच सांगितलं मला. माझ्या मानेला कुणी हात लावला नाही. मी जागा होतो." मग जरा थांबून त्याने विचारलं, "कॉम्प्युटर दाखवतोय, कबूल. पण हे लिहिलं कुणी?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. खरंच माहीत नसेल तसं त्याने विचारलं होतं. एक्सप्रेसने नोंद खालपर्यंत सरकवली. नऊ वर्षांत तिने कुठल्याही नोंदीचा हा शेवटचा कोपरा बघितला नव्हता, बघायची वेळच आली नव्हती. कोपऱ्यात लिहिलं होतं: कोडर क्रमांक सतरा. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर सतराच होतं, आणि तिने नकळत ते हाताने झाकलं.

"बघते," ती म्हणाली. आपल्याकडे "बघते" या शब्दाचा अर्थ काय होतो हे ड्रायव्हरला चांगलं ठाऊक असणार. त्याने फाईल उचलली आणि तो गेला.

घरी आल्यावर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवताना तिने सासूबाईंना आणि नवऱ्याला तो प्रसंग सांगितला, पण सांगितला कसा? एक माणूस आला होता, उगाच हुज्जत घालत होता, लोकांना स्वतःचे रिपोर्ट वाचता येत नाहीत, वगैरे. सतरा नंबरचा उल्लेख तिने शिताफीने गाळला. नवऱ्याने हूं केलं. सासूबाईंनी मात्र पोळी वाढता वाढता हात थांबवला आणि विचारलं, "गेल्या आठवड्यात तू शाळेत जाऊन बाईंना काय बोलून आलीस गं?"

आता शाळेतली हकिगत अशी होती. तिची मुलगी चौथीत. प्रगतीपुस्तकात शेरा आला: अबोल आहे, वर्गात मिसळत नाही. ही मुलगी झोपेतसुद्धा बडबडते. चौकशी केली तर कळलं, पहिलीत असताना, नवीन शाळेत बुजली होती तेव्हा कुणीतरी तो शेरा लिहिला होता, आणि पुढच्या प्रत्येक बाईंनी मागच्या वर्षीचा बघून तसाच उतरवला होता. एक्सप्रेस शाळेत गेली होती आणि तिने स्टाफरूम दणाणून सोडली होती.

सासूबाईंच्या प्रश्नाला अबोल मुलीनेच उत्तर दिलं. ताटावरून उठून, कमरेवर हात ठेवून, आईचा चष्मा स्वतःच्या डोक्यावर चढवून तिने हुबेहूब नक्कल केली: "अहो, लिहिण्याआधी माझ्या मुलीकडे एकदा बघायचं तरी होतंत!" नवरा हसता हसता ठसकला. सासूबाईही हसल्या आणि त्यांनी पोळी वाढली. एक्सप्रेस हसली नाही. तिने घास खाली ठेवला आणि मग सतरा नंबरचं खरं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बुधवारी ती तिसऱ्या मजल्यावर गेलीच नाही. लिफ्टमधून पहिल्या मजल्यावर उतरली. हृदयात नळी घालून तपासणी करतात ती कॅथ लॅब तिथे होती. नऊ वर्षांत हजारो तपासण्यांना आकडे लावले, पण ती खोली तिने कधी पाहिली नव्हती. दारावरचा लाल दिवा पेटलेला होता आणि आत कसं जायचं हेही तिला कळेना.

तिला आत घेतलं शिसेकाकांनी. शिसेकाका म्हणजे तिथले मुख्य टेक्निशियन. क्ष-किरणांपासून बचाव म्हणून तिथे सगळ्यांनाच शिशाचा जड ॲप्रन घालावा लागतो, पण काका तो चहा पितानाही उतरवत नसत, म्हणून हे नाव. तीस वर्षं तो भार वागवून त्यांचे खांदे पुढे झुकले होते. एक्सप्रेसला त्यांनी जाड काचेमागच्या खोलीत बसवलं आणि एक ॲप्रन तिच्याही गळ्यात अडकवला. इथे काच आहे, ॲप्रन लागत नाही, असं तिथल्या नर्सने सांगितलं. "लागत नाही," काका म्हणाले, "पण वजन कळू दे तिला."

काचेपलीकडे एक आजीबाई पाठीवर पडून होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या मनगटातून केसाहून थोडी जाड अशी तार आत सरकवली, तिच्यावरून नळी गेली, आणि पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या काळ्या फांद्या उमटल्या आणि विरून गेल्या. आजीबाई मधेच नर्सला विचारत होत्या की चहा कधी मिळेल. एक्सप्रेस तोंडावर हात ठेवून बघत राहिली. ज्या आकड्यावर ती दिवसातून कितीदा बोट टेकवायची, तो आकडा हा होता. एक घाबरलेली म्हातारी, तिला चहा हवा होता.

काकांनी तिला समजेल असं सांगितलं. मनगटातून गेलं की हृदयाची डावी बाजू आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या दिसतात. उजवीकडे जायचं तर दुसरा रस्ता, मानेतून, मांडीतून किंवा दंडातून, शिरेच्या वाटेने. त्यासाठी वेगळं टोचावं लागतं, वेगळी नळी लागते. मोठे डॉक्टर होते तेव्हा दोन्ही व्हायचं. आता पेशंट वेगळे, डॉक्टर वेगळे. गेल्या महिन्यात दोनशे दहा तपासण्या झाल्या, त्यात उजवी बाजू किती? चार.

"चार?" एक्सप्रेसने विचारलं. तिच्या बटणाने मागच्या महिन्यात दोनशे दहाच्या दोनशे दहा लावल्या होत्या.

काकांनी बसड्रायव्हरचा रिपोर्ट काढला आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे दाब लिहायचा तक्ता होता. डाव्या बाजूच्या ओळीत आकडे होते. उजव्या बाजूच्या ओळीत पेनाने मारलेली एक आडवी रेघ होती. रिपोर्टचं दुसरं पान एक्सप्रेसने या दोन वर्षांत उघडलंच नव्हतं.

"ही रेघ मी मारतो," काका म्हणाले. "पाठीला रग लागते, तरी प्रत्येक कागदावर हाताने मारतो. रिकामं सोडलं तर पुढे कुणीतरी भरेल म्हणून. रेघ म्हणजे आम्ही इथे गेलो नाही, आम्हाला काही दिसलं नाही. हेही लिहिणंच आहे गं. आणि तुम्ही वर बसून माझ्या रेघेच्या जागी आजार लिहिता."

एक्सप्रेस चाचरत म्हणाली, की आजवर कुणाची तक्रार नव्हती, कंपनीनेही कधी विचारलं नाही, आणि कुणाचं वाईट करावं असं तिच्या मनातही नव्हतं.

"तुझ्या मनात नव्हतं हे मला माहीत आहे. त्या ड्रायव्हरला काय उपयोग? आमच्या हातून टोचलेली जखम दोन दिवसांत भरून येते, पोरी. तुझा आकडा भरून येत नाही. तो माणूस घरी जातो, नोकरीला जातो, सगळीकडे तो आकडा त्याच्या आधी जाऊन बसलेला असतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ॲप्रन उतरवताना खांद्यांना हलकं वाटायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही.

वर येऊन तिने चहासुद्धा घेतला नाही. गेल्या दोन वर्षांतल्या अँजिओग्राफीच्या चाळीस फायली तिने इथून तिथून उचलल्या आणि प्रत्येकीचं दुसरं पान उघडलं. चाळीसमधल्या सदतीस फायलींत उजव्या बाजूला काकांची रेघ होती आणि नोंदीत आजार होता. सदतीस माणसं, न तपासताच आजारी! त्यातली एक फाईल तिने दोनदा वाचली आणि गठ्ठ्याच्या सगळ्यात खाली ठेवली. मग गठ्ठा उचलून ती बिलिंगच्या साहेबांकडे गेली.

साहेब तसे भले गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि हळू आवाजात बोलू लागले. चूक झाली, मान्य. बटण आजच्या आज काढून टाका, इथून पुढे एकेक रिपोर्ट वाचून करा. पण मागचं उकरू नका. दोन वर्षांच्या फायली म्हणजे काही हजार. कंपनी हिशेब मागेल, न केलेल्या तपासणीचे पैसे परत द्यावे लागतील, वरचे लोक विचारतील की हे कुणी केलं, आणि सोमवारी विभागप्रमुखाच्या नावाची यादी जाते आहे. "तुमचंच नाव आहे तिच्यात," ते म्हणाले. "विचार करा."

खरं सांगायचं तर एक्सप्रेस क्षणभर डळमळली. तुम्ही-मी असतो तर आपणही डळमळलो असतो, उगाच सोवळेपणाचा आव आणू नये. पुढचं सुधारायचं आणि मागचं झाकायचं, किती सोयीचं. पण उद्याच गुरुवार होता, आणि डेपोच्या गेटवर तो माणूस गाड्यांचे नंबर लिहीत बसला होता. तिने गठ्ठ्यातली शेवटची फाईल काढून साहेबांपुढे दुसऱ्या पानावर उघडली.

"साहेब, नाव नंतर वाचा. आधी ही रेघ बघा, मग आम्ही काय लावलंय ते बघा."

साहेबांनी रेघ बघितली, आकडे बघितले आणि मग नाव वाचलं. फाईल त्यांची स्वतःची होती. गेल्या वर्षी छातीत धडधडलं म्हणून त्यांनी याच हॉस्पिटलात तपासणी करून घेतली होती.  ते म्हणाले, "घराच्या कर्जाचा विमा नाकारला मला. मेडिकल कारण, एवढंच कळवलं. मला वाटलं डॉक्टरांनी काहीतरी लपवलंय. वर्षभर बायकोने मला जिना चढू दिलेला नाही." त्यांनी फाईल मिटली, पुन्हा उघडली आणि त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी दार उघडलं आणि बाहेर बसलेल्या टायपिस्टला आत बोलावलं.

इन्शुरन्स कंपनीसाठी पत्र तयार झालं. चूक काय, कुणाची, किती दिवसांची, सगळं स्वच्छ लिहिलेलं. न केलेल्या तपासणीचे पैसे परत करू, हेही त्यात होतं. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची सही झाली, साहेबांची झाली, आणि खाली एक्सप्रेसने स्वतःची सही करून पुढे सतरा हा क्रमांक टाकला. कंपनीचं उत्तर लगेच आलं, की नोंद दुरुस्त करायला तीन आठवडे लागतील. समितीला उरलेला होता एक दिवस.

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पत्राची प्रत नि तो रिपोर्ट घेऊन बस कंपनीच्या ऑफिसात गेली. बाकावर ड्रायव्हर बसला होता, शेजारी त्याची बायको. तिने पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली होती. एक्सप्रेसला बघून ड्रायव्हर उठून उभा राहिला. चूक आपली आहे हे तिने त्या दोघांना तिथेच सांगितलं, आडपडदा न ठेवता.  बायको म्हणाली, की बसवरून उतरवल्यापासून हे रात्री झोपले की मी यांच्या नाकासमोर हात धरून बघते, श्वास चालू आहे ना म्हणून.  एक्सप्रेसने त्या बाईचा हात धरला.

आत लांब टेबल, तीन माणसं. मेडिकल ऑफिसरने पत्र वाचलं, रिपोर्ट वाचला, चष्मा पुसला, आणि मग समोरच्या पडद्यावर नोंद उघडली. "पत्र ठीक आहे," ते म्हणाले, "पण कॉम्प्युटरमध्ये अजून तसंच दाखवतंय."

 नऊ वर्षं खिडकीत बसून दुसऱ्यांना ऐकवलेलं हे वाक्य एक्सप्रेस आज काचेच्या या बाजूने ऐकत होती.

"दाखवतंय, कारण मी तसं लिहिलंय," ती म्हणाली.  "कॉम्प्युटरने या काकांना कधी बघितलेलं नाही. मीही न बघता लिहिलं. त्या नोंदीखाली सतरा नंबर आहे, तो हा माझ्या गळ्यात आहे. पडद्यावरच्या सतरावर तुमचा विश्वास असेल, तर समोर उभ्या असलेल्या सतरावरही ठेवा. आणि नसेल ठेवायचा, तर कुणावरच ठेवू नका. तुमच्या डॉक्टरांकडून यांना पुन्हा तपासा. पण बिल्ला जमा करण्याआधी तपासा."

मेडिकल ऑफिसरने पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढली आणि ड्रायव्हरकडे नीट पाहिलं. मनगट दाखवा, म्हणाले. ड्रायव्हरने बाही वर केली. मग त्यांनी समितीतल्या दोघांशी दोन शब्द बोलून सोमवारी सकाळी नवीन तपासणी लिहून दिली आणि तोवर निर्णय थांबवला. सोमवारच्या तपासणीत फुप्फुसाचा दाब अगदी नॉर्मल निघाला. पुढच्या गुरुवारी ड्रायव्हर पुन्हा बसवर होता.

विभागप्रमुखाची खुर्ची त्या वर्षी एक्सप्रेसला मिळाली नाही. तिला लेखी समज मिळाली, आणि मिळायलाच हवी होती, असं तीच सांगते. दोन वर्षांच्या फायली उपसायला तिच्यासह चौघांना पाच महिने लागले. साडेचार हजारांहून जास्त माणसांना पत्रं गेली, की तुमच्या नावावरचा तो आजार तुमचा नाही. रोज खिडकीशी कुणी ना कुणी ते पत्र घेऊन यायचं. काही जण भांडायला यायचे आणि भांडणं रास्तच होती. एक म्हातारे गृहस्थ मात्र नुसते हसत उभे राहिले. दोन वर्षं नातवाला उचलून घेतलं नव्हतं, म्हणाले, आता तो इतका मोठा झालाय की उचलवत नाही. हसता हसताच त्यांनी डोळे पुसले.

सहावं बटण कायमचं बंद झालं. आणि शिसेकाकांनी हट्टाने एक नियम करून घेतला. कोडिंगला नवीन माणूस आला, की पहिला दिवस तिसऱ्या मजल्यावर नाही, पहिल्या मजल्यावर. गळ्यात ॲप्रन अडकवून काचेमागे दिवसभर बसायचं, बघायचं, आणि मगच कीबोर्डला हात लावायचा. काका गेल्या महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला अख्खा कोडिंग विभाग खाली उतरला होता, आणि साहेब लिफ्ट सोडून जिन्याने आले.

एक्सप्रेस आता दिवसाला छत्तीस फायली करते. प्रत्येकीचं दुसरं पान उघडते. खोलीतल्या टवाळांनी तिचं नाव बदलून "पॅसेंजर" ठेवलंय, आणि तिला ते आवडलंय. परवा घरून निघायला उशीर झाला म्हणून ती धावत बस स्टॉपवर आली, तर निघालेली बस पुन्हा थांबली. स्टिअरिंगवर तोच इस्त्रीचा खाकी शर्ट होता. ती चढली. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी समोरच लावलेली होती आणि ती तिने पाळली. त्याने आरशातून बघून उजवं मनगट जरासं उचललं, इतकंच. मग घंटा वाजली आणि साठ माणसांना घेऊन बस निघाली.

तर मंडळी, आपल्यापैकी कुणी काचेच्या या बाजूला असतो, कुणी त्या बाजूला, आणि बरेचसे सकाळी या बाजूला तर दुपारी त्या बाजूला. बाहेर उभे असाल आणि आतून ते वाक्य आलं, तर "बरं" म्हणून परतू नका. त्या ड्रायव्हरसारखं, आवाज न चढवता विचारा: हे लिहिलं कुणी? आणि आत बसलेले असाल, तर ते वाक्य तोंडात येण्याआधी एवढंच करा, मान वर करा आणि समोर कोण उभं आहे ते बघा.